शोचं झाड

२०१६ साली थोरल्यानं घर बांधायला काढलं. जुनं माळवदाचं घर पाडून त्याच जागेवर स्लॅबचं. आमचा सांगोला तालुका डाळिंबाचा. दोन बहार बरे गेले होते, तेल्या रोगानं त्या दोन वर्षांत आमच्या बागेकडं बघितलं नव्हतं, म्हणून पोराला धीर आला होता. मिस्त्रीनं फक्की टाकून पाया आखला आणि फक्कीची रेघ दारातल्या लिंबाच्या खोडापासून चार हातांवर येऊन थांबली.

आमच्याकडं कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. आंबट असतो तो लिंबू.

मिस्त्री म्हणाला, "आबा, ह्येचं काय करायचं ते आधी ठरवा. मुळ्या पायात शिरल्या, फरशी उचलली, तर नंतर माझ्या नावानं ओरडू नका."

पोरगा म्हणाला, "काढूया की. म्होरं जरा गार्डन करू. लॉन टाकू, शोची झाडं लावू. घर रस्त्यावरनं दिसाय पाहिजे."

शोची झाडं हा शब्द आता सगळीकडं झाला आहे. खेड्यातल्या माणसानं झाडांच्या दोनच जाती पाडल्यात, एक कामाची आणि एक शोची. आंबा, चिंच, लिंब, बाभळ ही कामाची. ज्याचं फळ खाता येत नाही, पाला शेळीला चालत नाही, लाकूड जळणाला पुरत नाही आणि ज्याच्याखाली माणूस बसू शकत नाही, ते शोचं. या शब्दात थोडी थट्टा असते. एखादी बाई नटून कामाला आली तर तिला जसं बोलतात, तशी.

मी पोराला भाषणच दिलं. तुझ्या पणजीनं राखलेलं झाड आहे, दुष्काळात ह्यानं जगवलंय, दिंड्या ह्याच्याखाली उतरतात, तुझ्या शोच्या झाडाखाली कुत्रं तरी बसंल का, असं बरंच काही. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. भाकरीच्या पिठानं भरलेले हात तसेच घेऊन सून दारात आली.

"मामा, राग मानू नका," ती म्हणाली, "सावली तुमची असती, पण झाडणं माझं असतंय. फाल्गुनात दिवसाला चार पाट्या पाला निघतो. आषाढात लिंबोळ्यांचा चिखल आणि माश्या. तुम्ही बाप्ये माणसं खाली बसून झाडाचं कौतुक करता. खराटा कधी कुणी हातात घेतलाय?"

मला उत्तर आलं नाही. चपला घातल्या आणि मळ्याकडं गेलो. विहिरीच्या थारोळ्यावर बसून त्या दिवशी जे डोक्यात सुरू झालं, ते अजून पुरतं थांबलेलं नाही. तेच इथं लिहितो आहे.

आधी लिंबाचं सांगतो. हे झाड कुणी लावलेलं नव्हतं. लिंब बहुतेक ठिकाणी कुणी लावत नाही. पाखरं लिंबोळी खातात, बी टाकतात, पावसाळ्यात ते उगवतं. आमच्या आजीचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा दाराम्होरं वीतभर रोप तिला दिसलं. तिनं त्याच्याभोवती बोराटी रोवली. शेळ्या आत तोंड घालायच्या, ती पुन्हा बोराटी रोवायची. असं तीन उन्हाळे केलं. लिंबाचा पाला माणसाला कडू, पण शेळीला गोड लागतो, त्यामुळं लहानपणी ह्या झाडाला खरा धोका शेळीचा. आजी म्हणायची, "म्या काय लावलं न्हाई. म्या निस्तं राखलं."

झाड लावणाऱ्याचा फोटो येतो. राखणाऱ्याचा येत नाही, कारण राखण्याला एक दिवस नसतो. तीन उन्हाळ्यांचा फोटो काढायचा कसा?

बाहत्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घरासमोरच्या सडकेवर खडी फोडायचं काम निघालं होतं. रेशनला मिलो मिळायची, कामावर सुकडी मिळायची. बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या. आमच्या लिंबाच्या रस्त्याकडच्या फांदीला एकावेळी चार-पाच झोळ्या टांगलेल्या असायच्या. एखादं पोर रडायला लागलं की तिकडून एकीनं हातोडी टाकून यायचं, तोवर आजी झोका द्यायची. वैरण संपली तेव्हा बापानं कोयता घेतला आणि शेळ्यांसाठी लिंब छाटायला वर चढला. आजी खाली उभी राहिली आणि म्हणाली, "समदं काढ. रस्त्याकडची तेवढी ऱ्हाऊ दे." बापानं बाकी झाड खुंट केलं, ती फांदी ठेवली. आज त्या झाडाकडं बघितलं तर ते रस्त्याच्या बाजूला झुकलेलं दिसतं. नवा माणूस म्हणतो वाऱ्यानं झालं असेल. वाऱ्यानं नाही. आजीच्या एका वाक्यानं झालं आहे.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आमच्या भागातून जातात. कोल्हापूर-सांगलीकडच्या लहानमोठ्या दिंड्या, दहा माणसांची नाहीतर शंभर माणसांची. काही दरवर्षी आमच्या लिंबाखाली टेकतात. त्यातली एक म्हातारी लांबूनच विचारायची, "हाय का गं लिंब?" घरातली माणसं बरी आहेत का, हे नंतर. आम्हाला त्याचा कधी राग आला नाही. झाडाची चौकशी केली म्हणजे घराचीच केली असं आम्ही धरायचो.

इथपर्यंत लिंबाची बाजू. माणसं झाडावर बोलायला लागली की इथंच थांबतात. कीर्तनात, शाळेत, सत्काराच्या भाषणात झाड म्हणजे परोपकार. पण सुनेच्या त्या एका वाक्यानं मला पुढं जावं लागलं. सावलीचा हिशेब पुरा मांडायचा, तर तिची दुसरी बाजूही लिहायला पाहिजे.

बापानं लिंबाभोवती दगडमातीचा पार बांधला होता. त्या पारावर कोण बसायचं आणि कोण नाही, हे आमच्या लहानपणी ठरलेलं होतं. गावातली काही माणसं कामाला येत, बोलायला येत, पण पारावर बसत नसत. खाली मातीत, सावलीच्या कडेला बसत. आणि सावली काही जागेवर राहत नाही. ऊन सरकलं की त्यांनी सरकायचं, आम्ही नाही. झाडानं कुणाला ऊठ म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं आम्ही, तेही तोंडानं न बोलता. पुढं काळ बदलला, ती माणसं पारावर बसू लागली, आता त्यांची पोरं मोटरसायकल लावून वर पाय घेऊन बसतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. पण 'ह्या झाडानं सगळ्यांना सावली दिली' असं मी भाषणात म्हणतो, तेव्हा मला ती सरकणारी माणसं आठवतात. झाडानं दिली, हे खरं. आम्ही मधे पार बांधला होता, हेही खरं.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. लिंबाची मागची बाजू त्याच्या रानावर जाते. झाडाखाली ज्वारीच्या दोन-तीन सऱ्या गुडघ्याच्या वर कधी गेल्या नाहीत. ऊन नाही आणि पाणी लिंबाची मुळं ओढून घेतात. आमची सावली म्हणजे त्याचं नुकसान. आजी होती तोवर मळणी झाली की ती शेजाऱ्याच्या घरी दोन पायल्या ज्वारी पोचती करायची. तो म्हणायचा, "मावशे, ह्ये कशाला?" ती म्हणायची, "झाडानं खाल्ली ती." आजीच्या मागं बापानं ते बंद केलं. मीही पुन्हा सुरू केलं नाही. त्या साध्या बाईला जे कळलं होतं, ते आम्हा शिकलेल्यांना कळलं नाही. चांगल्या गोष्टीचाही कुणाला तरी जाच होतो, आणि तो ज्याला होतो त्याची भरपाई चांगुलपणा मिरवणाऱ्यानं करायची असते.

तिसरी गोष्ट सुनेनं सांगितलीच. पाला. लिंबाची पानगळ साधारण माघ-फाल्गुनात असते, मग तांबूस पालवी, चैत्रात बारीक पांढरा मोहर, ज्येष्ठ-आषाढात लिंबोळ्या. हे सगळं बघायला सुंदर आहे. पण ह्यातलं प्रत्येक खाली पडतं. आणि जे खाली पडतं ते आमच्या घरात साठ-सत्तर वर्षं बायकांनीच उचललं. आधी आजीनं, मग आईनं, मग माझ्या बायकोनं, आता सुनेनं. मी ह्या झाडाखाली शाळेचा अभ्यास केला, लग्नाची बोलणी केली, ग्रामपंचायतीचं राजकारण केलं. पण त्याच्याखालचा पाला मी एकदाही लोटला नव्हता. तिनं विचारलं तोवर मला हे कधी दिसलंही नव्हतं.

लिंबावर हक्क कुणाचा, ह्याचं भांडण एकदा परदेशातही झालं. लिंबाच्या तेलापासून बुरशीनाशक करण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकी कंपनीला आणि तिथल्या शेतीखात्याला १९९४ साली युरोपात पेटंट मिळालं. भारतातल्या लोकांनी त्याला हरकत घेतली की हे आमच्या बायाबापड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २००० साली ते पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. पेपरात ती बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. आम्ही दरसाल पाच टक्के निंबोळी अर्क करतो. पाच किलो लिंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातनं गाळून शंभर लिटर पाणी करायचं. परक्यांनी हक्क सांगितला तेव्हा आम्ही म्हणालो, लिंब सगळ्यांचा आहे. मग दारातल्या लिंबाचं 'काढायचं की ठेवायचं' हे ठरवताना मात्र घरातल्या झाडणाऱ्या माणसाला विचारायचं मला सुचलं नाही.

आता शोच्या झाडाचं.

थारोळ्यावर बसलो होतो तेव्हा पोराचा शब्द माझ्या कानात घुमत होता, "काय कामाचं ते झाड?" हा प्रश्न मी ह्याआधी कुठंतरी ऐकला आहे असं वाटत होतं. आणि एकदम आठवलं, की ऐकलेला नाही, तो मीच विचारला होता.

माझ्या आईची एक कण्हेर होती. मोरीचं पाणी परसात जिथं निघायचं, तिथं तिनं काडी रोवली होती. तांबड्या फुलांची. कण्हेरच का, तर तिला शेळी तोंड लावत नाही. कण्हेर सगळीच विषारी, पान, फूल, खोड, मूळ. म्हणून तिला बोराटी लागत नाही, राखण लागत नाही. पाणीही फार मागत नाही. आता चार पदरी रस्ते झाले, त्यांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेरी लावतात, त्याचं कारण हेच. गुरं खात नाहीत, धूर सोसते, उन्हाळा सोसते, तरी फुलते. आईकडं राखणीला वेळ नव्हता आणि घागरभर पाणी फुलासाठी ओतायची तिची छातीच झाली नसती. म्हणून तिनं असं झाड निवडलं, की जे कुणाचं काही घेत नाही.

आई पहाटे चारला उठायची. दिवसभर ती कुणाच्या ना कुणाच्या कामात असायची. बापाच्या, आजीच्या, गुरांच्या, आम्हा सहा पोरांच्या. तिच्या नावावर घरात काय होतं, असं कुणी विचारलं असतं तर एक पत्र्याची पेटी आणि ही कण्हेर. रात्रीची भांडी झाली की शेवटचं तांब्याभर पाणी ती बुंध्याशी टाकायची. सकाळी एक फूल देवाला. बाकीची झाडावरच. कधीकधी ती तिथं नुसती उभी राहिलेली दिसायची. मी एकदा विचारलं, "आये, काय बघतीस?" ती म्हणाली, "काय न्हाई. बघती."

बापाला ते झाड आवडत नसे. "ह्ये ईख दारात कशाला?" असं तो म्हणायचा. पण तोडलं त्यानं नाही. तोडलं मी.

१९८५ साली आम्ही गोबरगॅस घ्यायचं ठरवलं. मी चोवीस वर्षांचा, नुकता घरचा कारभार हातात आलेला, काहीतरी नवं करायची लई हौस. गॅसच्या टाकीला ऊन लागतं. सावलीत शेण नीट कुजत नाही आणि गॅस कमी धरतो. लिंबाखाली खड्डा घेऊन उपयोग नव्हता. गोठ्यापासून जवळ, स्वयंपाकघरापासून जवळ आणि दिवसभर ऊन, अशी जागा परसात एकच होती. तिथं कण्हेर होती. मी कुऱ्हाड घेतली. फांद्या गुरांच्या तोंडाला लागू नयेत म्हणून लांब ओढ्याकाठी नेऊन खोल पुरल्या, एवढी काळजी घेतली. आई चुलीपुढून उठून दारात आली तेव्हा बुंधा निघाला होता. मी म्हणालो, "काय कामाचं झाड होतं ते? आता तुझ्याच चुलीला गॅस येतोय."

ती म्हणाली, "असू दे. धूर जाईल न्हवं." आणि आत गेली.

धूर गेला, हे खरं आहे. गॅस चांगली दहा-बारा वर्षं चालला. आईचा खोकला कमी झाला. म्हणून मी केलं ते चूक होतं, असं सरळ म्हणता येत नाही. दुसरी जागा नव्हती, आणि आजही मला निवड करायला सांगितली तर एका झुडपापेक्षा मी आईचे डोळे आणि छाती निवडीन. पण मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं 'तोड' असंच म्हटलं असतं, ह्याची मला खात्री आहे. पण ते तिनं म्हणायला पाहिजे होतं. कदाचित चार दिवस थांब म्हणाली असती, कळ्या आल्यात म्हणाली असती. एखादी काडी दुसरीकडं रोवून घेतली असती. मी तिच्या भल्यासाठी तिची एकुलती एक वस्तू तिला न विचारता उपटली, आणि वर तिनं माझं कौतुक करावं अशी माझी अपेक्षा होती.

त्यानंतर आईनं दारात काही लावलं नाही. देवाला फूल ती शेजारणीकडून आणायची. २००३ साली ती गेली. तोवर गॅसची लोखंडी टाकी गंजून गेली होती, सिलिंडर आला होता, खड्डा आम्ही मुरूम टाकून बुजवला होता. पण त्या मोकळ्या जागेवर कण्हेर पुन्हा लावावी, हे तेव्हाही माझ्या मनात आलं नाही.

थारोळ्यावर बसून मी हे जुळवत होतो. मी आईच्या झाडाला म्हणालो, काय कामाचं. माझा पोरगा माझ्या झाडाला म्हणतो, काय कामाचं. प्रश्न एकच, आणि दोन्ही वेळा त्यात एक शब्द गाळलेला. काय कामाचं, कुणाच्या? पोराला जे झाड नुसता कचरा वाटतं, ते रस्त्यावरच्या वाटसरूच्या कामाचं आहे. मला जे झाड शोचं वाटलं, ते आईच्या कामाचं होतं. काय काम, ते तिनं सांगितलं होतं. बघायचं काम. पण आमच्या हिशेबात बघणं हे काम धरत नाहीत, त्यातून बाईमाणसाचं तर नाहीच.

सावलीचं झाड आणि फुलाचं झुडूप ह्यात माझ्या मते खरा फरक उंचीचा नाही, उपयोगाचाही नाही. लिंब राखणाऱ्याला त्याची सावली सहसा मिळत नाही. आजीनं बोराटी रोवली तेव्हा तिच्या डोक्यावर ऊनच होतं, सावली बापाला मिळाली, पार मला मिळाला. लिंब दोन-चार पिढ्या सहज बघतो, त्यामुळं तो नेहमीच पुढच्या माणसासाठी असतो. कण्हेरीचं तसं नाही. काडी रोवली की वर्ष-दोन वर्षांत ती फुलते, आणि जिनं रोवली तिलाच ते फूल बघायला मिळतं. म्हणून आपण लिंबाला परोपकारी म्हणतो आणि कण्हेरीला शोची.

पण माणसानं सगळं पुढच्यासाठीच करावं आणि स्वतःसाठी काही ठेवू नये, हा न्याय बरोबर आहे का? आमच्या आईला, आजीला, बायकोला आम्ही झाडासारखं वागायला सांगितलं. उन्हात उभी राहा, दुसऱ्याला सावली दे, काही मागू नको. गेल्यावर 'माउली सावली होती' म्हणून आम्ही डोळे पुसले. जितेपणी तिनं मोरीच्या सांडपाण्यावर एक फूल वाढवलं, तेवढंही आमच्या डोळ्यात आलं. दुसऱ्यासाठी जगणं मोठं आहे, ह्यात वाद नाही. पण ते मोठेपण ज्यानं त्यानं आपल्या मनानं घ्यायचं असतं. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतं. आणि दिवसभर देणाऱ्या माणसाला संध्याकाळी तांब्याभर पाण्याएवढं तरी आपलं काही असावं. नाहीतर ते देणं राहत नाही, नुसती वेठ होते.

संध्याकाळी घरी आलो. पोराला म्हणालो, घर आठ फूट मागं घे, एक खोली बारकी कर, पण लिंब राहू दे. तो कुरकुरला. मिस्त्रीनं नवी फक्की मारली. मग सुनेला म्हणालो, "पोरी, उद्यापासनं पाला माझा." ती हसली, तिला चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खराटा घेतला. पहिल्या आठवड्यात कंबर धरली. रस्त्यानं जाणारे ओरडायचे, "आबा, सुनंनं कामाला लावलं का?" मी म्हणायचो, "न्हाई, लिंबानं लावलं." फाल्गुनात चार पाट्या निघतात, हे तिनं बरोबर सांगितलं होतं. एखाद्या दिवशी पाचही निघतात. आता तो पाला मी डाळिंबाच्या आळ्यात टाकतो. शेजाऱ्याला मळणीनंतर ज्वारीही देतो. तो आता ज्वारी पेरत नाही, त्याचीही डाळिंबंच आहेत, त्यामुळं पहिल्या वर्षी तो बुचकळ्यात पडला. मी आजीचं वाक्य सांगितलं, तेव्हा घेतली.

गार्डनही झालं. पोरानं नर्सरीतून बरंच आणलं. लॉन दुसऱ्या उन्हाळ्यात गेलं, कारण टँकरचं पाणी गवताला घालायला सुनेलाच लाज वाटली. बारक्या पानांची रंगीत झुडपं काही जगली, काही गेली. त्यांना नावं ठेवायची सवय मी सोडली आहे. संध्याकाळी सून त्यांच्यापाशी पाच मिनिटं उभी असते, तेव्हा मी तिला हाक मारत नाही.

कण्हेर मी आणली, बहिणीच्या घरून. तिचं सासर जत तालुक्यात. तिच्या दारात तांबडी कण्हेर आहे आणि ती म्हणते की लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आईनं काडी दिली होती. मग म्हणते, का ती दुसरीकडची, आता नक्की आठवत नाही. मी फार खोदलं नाही. चार काड्या आणल्या, गोबरगॅसच्या बुजवलेल्या खड्ड्याच्या जागी रोवल्या, दोन लागल्या. सुनेला सांगून ठेवलंय की छाटलेली फांदी गुरांपुढं टाकायची नाही आणि नातवंडांनी पान चावायचं नाही. तिसऱ्या वर्षी फुलली. एक फूल आईच्या फोटोला घातलं. बाकीची झाडावरच आहेत.

आता एक नवीन अडचण आहे. लिंबाची परसाकडची फांदी घरावरून पुढं आली आहे. दुपारनंतर तिची सावली कण्हेरीवर पडायला लागली आहे. कण्हेरीला ऊन लागतं, सावलीत ती नुसती उंच वाढते, फुलत नाही. यंदा कळ्या कमीच आहेत. फांदी छाटावी, तर त्याच फांदीखाली सून दुपारी कुरडया-पापड घालते आणि नातवंडं खेळतात. न छाटावी, तर कण्हेर जाईल. पोरगा म्हणतो, आबा, तुमचं झाड आणि तुमचंच झुडूप, तुम्हीच ठरवा.

मी खराटा भिंतीला टेकवला आणि सुनेला हाक मारली. म्हटलं, जरा बाहेर ये, ही फांदी बघ, आणि काढायची का ठेवायची ते तू सांग. ती बराच वेळ वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, आत्ता नगं. पाडवा होऊ द्या, मग सांगते." बरं म्हणालो. पाडव्याला अजून तीन आठवडे आहेत.